‘ओर्फेओ’ची नोंदवही : तिसरा अंक

‘ओर्फेओ’ हा मोंतेवेर्दी या इटालियन संगीतकाराचा ऑपेरा, म्हणजे गाण्यातून उलगडणारे नाटक; तो ऐकत-शिकत मी ही नोंदवही लिहिते आहे. मागील नोंद दुसऱ्या अंकाच्या शेवटी थांबली होती. त्यानंतरचे सात आठवडे तिसऱ्या अंकात, आणि खरे सांगायचे तर त्यातील ‘पोसेंते स्पिर्तो’ या एकाच गाण्यात गेले. ध्वनिमुद्रण तेच आहे : जॉन एलियट गार्डिनर यांनी १९८५ साली केलेले, दोन तबकड्यांचे, ज्यात अँथनी रोल्फ जॉन्सन ओर्फेओ, म्हणजे मृत पत्नीला परत आणायला पाताळात उतरणारा गायक-नायक, गातात. मांडीवर मात्र या वेळी आधुनिक संपादित प्रत नसून १६०९ मध्ये व्हेनिसला छापलेल्या स्वरलिपीच्या पानांच्या छायाप्रती होत्या. मांतुआच्या राजवाड्यात २४ फेब्रुवारी १६०७ रोजी झालेल्या प्रयोगानंतर दोन वर्षांनी मोंतेवेर्दीने ती छापून घेतली.

एक चूक आधी कबूल करते. या गाण्यात ओर्फेओच्या शब्दांवर स्वरांच्या दोन ओळी एकाखाली एक छापलेल्या आहेत, आणि पहिले दहा दिवस मी ते दोन आवाजांचे युगुलगान समजून ध्वनिमुद्रणात दुसरा गायक शोधत होते. गाण्याच्या माथ्यावर छापलेली सूचना शब्दकोश घेऊन वाचली तेव्हा उलगडा झाला : लाकडी नळ्यांचा ऑर्गन आणि एक कितारोने (लांब मानेचे, तारा छेडून वाजवायचे वाद्य) यांच्या साथीने ओर्फेओने ‘दोहोंपैकी एकच ओळ’ गावी, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. वरची ओळ साधी आहे. खालची तिचेच नटवलेले रूप आहे. रोल्फ जॉन्सन नटवलेली ओळ गातात.

आपल्याकडे बंदिश लिहून ठेवतात, पण तिच्या ताना गायकावर सोडतात. त्या काळी इटलीतही रीत बरीचशी तशीच होती, त्यामुळे संगीतकाराने स्वतःच सांगाडा आणि विस्तार दोन्ही शेजारी छापावेत, ही शिकणाऱ्याला मिळालेली पर्वणीच आहे. मी आधी वेग निम्म्यावर आणून साधी ओळ गुणगुणायला शिकले आणि मगच नटवलेल्या ओळीकडे वळले. साध्या ओळीत जेथे एकच लांब सूर आहे तेथे नटवलेल्या ओळीत बारीक सुरांची माळ येते, आणि तिच्या मध्येच ‘त्रिल्लो’ येतो. त्रिल्लो म्हणजे एकच सूर घशातून पुन्हापुन्हा, वाढत्या वेगाने उच्चारणे. मला तो प्रथम गमकासारखा वाटला, परंतु गमकात सूर शेजारच्या सुराकडे झुलतो आणि येथे तो जागेवरून हलत नाही. हा फरक स्वतः गाऊन पाहिल्याशिवाय माझ्या ध्यानात आला नव्हता, आणि गाऊन पाहिल्यावर घरच्यांनी दार लावून घेतले.

साथीची वाद्ये प्रत्येक कडव्याला बदलतात. पहिल्या कडव्यात दोन व्हायोलिने, दुसऱ्यात दोन कोर्नेत्ती (कातड्याने मढवलेले वाकडे लाकडी वाद्य, तोंड तुतारीचे पण बोटांची छिद्रे बासरीसारखी), तिसऱ्यात दुहेरी हार्प. खालची बासची (सर्वांत खालच्या सुरांची) ओळ मात्र पहिल्या चार कडव्यांत मुळात तीच राहते, आणि माझा बराच वेळ हे पटवून घेण्यातच गेला, कारण वरचे नक्षीकाम इतके वेगळे असते की जमीन एकच आहे हे कानाला कळत नाही. शेवटी मी बासची ओळ कीबोर्डवर वाजवत ध्वनिमुद्रण ऐकले. कीबोर्डात मीनटोन या जुन्या युरोपीय जुळणीची सोय आहे; तीत शुद्ध गंधार ३८६ सेंटांवर येतो (कीबोर्डवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधले नेहमीचे अंतर १०० सेंट), म्हणजे नेहमीच्या जुळणीपेक्षा १४ सेंट खाली. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ज्यांनी लक्ष देऊन ऐकला आहे, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल.

ज्याच्यासाठी हे सारे गायन चालले आहे तो मृतांच्या नदीवरचा नावाडी कारोंते. जॉन टॉमलिन्सन यांचा हा आवाज. पुढे बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात देवांचा राजा वोटान गाणारा. कारोंतेच्या साथीला मोंतेवेर्दीने रीगल हे जिभाळीचे, म्हणजे हवेने कंप पावणाऱ्या पट्ट्यांचे, नाकात बोलणारे वाद्य नेमले आहे. आपल्या पेटीतली पट्टी फटीत मोकळी हलते, तर रीगलची पट्टी आपल्या बैठकीवर आपटते, म्हणून त्या आवाजाला ती कर्कश धार येते. एवढे गाणे ऐकून हा नावाडी म्हणतो की आपल्याला थोडी गंमत वाटली खरी, पण दया येणे आपल्याला शोभत नाही. पाचव्या कडव्यापासून ओर्फेओ नक्षीकाम सोडून देतो, आणि शेवटच्या कडव्यात तंतुवाद्ये अगदी हलक्या आवाजात, ‘पिआन पिआनो’, वाजतात. माझ्या मते या अंकातील खरे आर्जव तेथे आहे, आधीच्या चार कडव्यांत नव्हे. तरीही कारोंते वितळत नाही. एका शांत सिन्फोनियाने (केवळ वाद्यांच्या छोट्या तुकड्याने) त्याला चक्क झोप लागते आणि ओर्फेओ स्वतःच नाव वल्हवत पलीकडे जातो. संगीतकाराने आपल्या सर्वांत कसबी गाण्याचा असा फजितवाडा करावा, याचे मला दर वेळी हसू येते.

आजची स्थिती अशी : साधी ओळ चारही कडव्यांत पाठ आहे, नटवलेली ओळ पहिल्या कडव्यापुरती मूळ वेगाच्या पाऊण गतीने जमते, आणि पाचव्या कडव्यात बास वेगळी वाट धरतो तेथे हात अजून जुन्याच वळणाने जातात.