इनॅमल पिनची तुटलेली दांडी बसवताना आलेला माझा अनुभव

आधी मुद्द्याचं सांगतो, इनॅमल पिनची, म्हणजे कपड्याला टोचून लावायच्या रंग भरलेल्या धातूच्या बिल्ल्याची, मागची दांडी तुटली तर ती घेऊन सराफाकडे जाऊ नका. मी भुसावळचा, रेल्वेचे बॅज आणि पिना जमवतो. त्यातली वाफेच्या इंजिनाची पितळी पिन माझ्या फार जिवाची, तिची दांडी मुळापासून निघाली. जळगाव म्हणजे सोन्याचं गाव, एवढे कारागीर तिथे, म्हणून तिकडच्या एका दुकानात दिली.

शेठ म्हणाले ठेवून जा, परवा या. पावती मागितली तर म्हणे यात ना सोनं ना चांदी, पावती कशाची करू? परवा गेलो तर कारागीर गावाला गेलेला. मग लग्नसराई लागली. फोन केला की "हो हो, लक्षात आहे". दर वेळी भुसावळहून जायचं, मंगळसूत्रवाली गिऱ्हाईकं आटोपेपर्यंत काउंटरपाशी उभं राहायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं. उशीर होतो म्हणून माझं काही म्हणणं नाही, लग्नसराईत सराफाला पाणी प्यायला फुरसत नसते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण "हे आमच्याच्यानं होणार नाही" एवढं तरी सांगायचं ना माणसाला! शेवटी मी कारागिराच्या शेजारीच जाऊन बसलो, तेव्हा ड्रॉवरमधल्या तुटक्या जोडव्यांच्या पुडीतून माझी पिन निघाली, आणि त्याने ती चिमट्यात धरून थेट गॅसची बत्ती उचलली. मी त्याचा हातच धरला. सोनाराचं झाळकाम म्हणजे 600 डिग्रीच्या वरचा मामला. जुन्या खऱ्या मिन्यात, म्हणजे अस्सल इनॅमलमध्ये, 800 डिग्रीच्या आसपास भाजलेली काच असते, तिलासुद्धा एकाच जागी अशी आच लागली तर तडे जातात, आणि हल्लीच्या बहुतेक पिनांमधला रंग म्हणजे रेझिन नाहीतर पेंट, तो बत्तीखाली फुगून काळा पडतो. पिन घेतली आणि निघालो.

काम झालं ते भुसावळातच, टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात. कथिल-शिशाचं साधं सोल्डर 190 डिग्रीच्या आसपास वितळतं. मागची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, एका जुन्या शाळेच्या बॅजची दांडी चकतीसकट काढून नेली होती, पिन ओल्या फडक्यावर पालथी ठेवली म्हणजे पुढच्या रंगाला आच कमी लागते, दुकानातल्या भाऊंनी सोल्डरिंगची पेस्ट लावली, सोल्डरिंग गन टेकवली आणि उचलली. चहा यायच्या आत दांडी उभी! मी ओढून बघितली, जराही हलली नाही, आणि इंजिनाचा लाल रंग होता तसाच. राहिलेली पेस्ट मात्र लगेच पुसा, नाहीतर पितळ हिरवं पडतं.

हे पितळ-तांब्याचं झालं. जुने रशियन बॅज, 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकचं मिशा अस्वल वगैरे, त्यातले पुष्कळ ॲल्युमिनियमचे असतात, हातात घेतले की हलके लागतात, त्यांना साधं सोल्डर धरतच नाही. तिथे दोन ट्यूबवालं ॲरलडाइट लावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. फेव्हिक्विक नको, त्याच्या वाफेने चकाकीवर पांढरट थर येतो.

आणखी एक, रंगाचा टवका उडाला असेल तर खेळण्यातल्या गाड्या-विमानांची मॉडेलं रंगवायचा इनॅमल पेंट टूथपिकने थेंबथेंब भरा, ब्रश मोठा पडतो. पुसायला ओलं मऊ फडकं पुरे, नेलपेंट रिमूव्हर तर लांबच ठेवा, सॉफ्ट इनॅमलचा, म्हणजे खाचांत नुसता पेंट भरलेल्या पिनांचा, रंग त्याने विरघळतो. पितांबरीनेही घासू नका, चरे पडतात आणि पावडर खाचांत अडकून बसते.

हां, दांडी बसवायला जाताना क्लच, म्हणजे दांडीवर मागून बसवायचं बूच, सोबत न्या, दांडी जाड निघाली तर तिथेच कळतं. जॅकेटवर लावायची असेल तर लॉकिंग क्लचच घ्या, दोन पंख दाबून काढायचा साधा फुलपाखरी क्लच गर्दीच्या गाडीत कधी निसटतो ते समजतही नाही.