जागा गेली, भिंत वाढली

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची कंपाउंड वॉल नव्यानं बांधायचं ठरलं. ठेकेदार रनिंग फुटावर पैसे घेणार, म्हणजे सगळा हिशोब परिमितीवर. मोजमाप सेक्रेटरी म्हणून माझ्या गळ्यात पडलं. टेप धरून मोजायला एक सकाळ पुरली. त्या आकड्यावर खजिनदारांची सही मिळेपर्यंत मात्र पावसाळा तोंडावर आला.

आतल्या बकुळीच्या पाराला कोणी हरकत घेतली नाही. नियमित षटकोन, सगळ्या बाजू सारख्या. एक मोजली, ४ फूट, गुणिले सहा, २४ फूट ग्रॅनाइटची पट्टी. (समोरासमोरच्या दोन बाजू तरी ताडून पाहा. मिस्त्रीचा षटकोन दरवेळी नियमित असतोच असं नाही.)

घोडं अडलं ते प्लॉटवर. मूळ आयत १२० बाय ८०, परिमिती ४०० फूट. पुढे मागच्या कोपऱ्यातली २० बाय १५ ची जागा ट्रान्सफॉर्मरला दिली. मी कागदावर ४०० च ठेवले, तर खजिनदार काका म्हणाले, "३०० स्क्वेअर फूट जागा गेली, आणि भिंत तेवढीच? ठेकेदाराचं भलं करताय का?"

"अहो काका, कमी झालं ते क्षेत्रफळ. २० आणि १५ ची भिंत जिथून गेली, तेवढीच आत वळून परत आली."

पटेना. आधी म्हणाले लेखी द्या. दिलं. मग म्हणाले तिऱ्हाइताकडून मोजून आणा. आणलं, तोच आकडा. मग म्हणाले जनरल बॉडीत ठेवू. फाइल त्यांच्या कपाटात, चावी त्यांच्या खिशात, आणि ठेकेदाराचा मला रोज फोन.

त्यात शेजारच्या जुन्या विहिरीसाठी एका बाजूच्या मधोमध १२ फूट रुंद, ८ फूट खोल खाच सोडलेली. तिथली १२ फूट भिंत नुसती आत सरकते, पण बाजूच्या ८-८ फुटांच्या दोन भिंती नव्यानं लागतात. १६ फूट वाढले. "जागाही घालवायची आणि वर भिंतही वाढवायची?" काका खुर्चीतून उठलेच.

शेवटी नातवाच्या चौकटीच्या वहीचं पान घेऊन त्यांच्यापुढे बसलो. एक घर म्हणजे ५ फूट. लांबी २४ घरं, रुंदी १६. कोपरा ४ बाय ३ घरांनी कापला आणि पेन त्यांच्याच हातात दिलं. कडेकडेनं मोजत गेले, ८० घरं. पुन्हा उलट्या दिशेनं मोजले, ८० च. गुणिले पाच, ४००. मग तिसऱ्यांदा, ओठ हलवत. माझा चहा निवला, पण मी मध्ये बोललो नाही.

रस्त्याकडचा कोपरा तिरपा आहे. तिथे मात्र भिंत खरंच वाचते. ९ आणि १२ च्या जागी कर्ण १५, म्हणजे ६ फूट कमी. हे त्यांना ताबडतोब पटलं! एकूण ४१०, गेटचे १४ वजा, भिंत ३९६ फूट.

सांगायचं राहिलं: टेपवरचे ६ इंच म्हणजे ०.६ नव्हे, ०.५ फूट. ठेकेदाराच्या कागदावर १५ फूट ६ इंचाचे १५.६ झालेले आम्हीच पकडले. प्रत्येक कोपऱ्याला खडूनं नंबर घाला, नाहीतर खाचेतली एखादी बाजू हमखास सुटते. आणि माप भिंतीच्या बाहेरून की आतून, हे करारातच लिहून घ्या. आमचे ४१० बाहेरचे आहेत. भिंत ९ इंच जाड, त्यामुळे आतून फिरलं तर परिमिती पावणेसहा फुटांनी कमी भरते.

आता रंगाचं कोटेशन आलंय, त्यात आत-बाहेर एकच आकडा धरलाय. तो खजिनदारांनीच तपासावा, असं मी मीटिंगमध्ये सांगून टाकलं.