पाहुणं नाणं

खानदेशात आहेरातला ब्लाऊजपीस सहसा कोणी शिवायला टाकत नाही. तो कपाटात जातो, पुढच्या लग्नसराईत बाहेर येतो, कोणाच्या तरी ओटीत पडतो आणि पुढे चालू लागतो. अमळनेरहून निघालेला मोरपंखी तुकडा पारोळा, एरंडोल, धरणगाव करत करत चार आखाज्यांनी पुन्हा अमळनेरला, निघाला त्याच घरी येतो. घरातली बाई काठावरची खूण ओळखते, तोंडातून अवाक्षर काढत नाही आणि तो परत कपाटात ठेवते. मधल्या काळात तो कुठे कुठे फिरला, कोणाच्या साखरपुड्याला हजर होता, कोणत्या दोन विहिणींची त्याच्या रंगावरून कुजबुज झाली, याची नोंद कुठेच नसते. ती असती तर काय बहार आली असती, हे मला जिओकॉइन नावाच्या फिरत्या नाण्यामुळे कळलं.

जिओकॅशिंगचा खेळ तसा साधा. कोणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे मोबाईल घेऊन शोधत हिंडतात. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली गडबड २ मे २००० रोजी बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मरने रानात एक बादली ठेवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. त्या बादलीत बाकी सटरफटर वस्तूंबरोबर बीन्सचा एक डबाही होता. बादली गेली, पण डबा अजून आहे. या खेळातल्या फिरत्या वस्तूंना माग काढता यावा म्हणून ट्रॅकिंग नंबर असतो, तसा त्यालाही मिळाला आणि खेळाडूंच्या मेळाव्यांत लोक त्याचं दर्शन घेतात. मला यात काही विचित्र वाटत नाही. आपल्याकडे याहून साध्या दगडाला शेंदूर लागतो.

डब्यात छोट्या-मोठ्या वस्तू असतात: किचेन, गोट्या, प्लास्टिकचे प्राणी. त्यांचा व्यवहार देवाणघेवाणीचा. एक उचललीत तर तेवढ्याच तोलामोलाची किंवा थोडी बरी ठेवा. पण याच डब्यात कधी कधी एखादं नाणं निघतं आणि त्याला हा नियम लागू नाही. ते नाणं कोणाचं तरी असतं. त्यावर एक नंबर कोरलेला असतो, खेळाच्या साईटवर त्या नंबराचं पान असतं आणि त्या पानावर मालकाने त्याला कुठे जायचंय ते लिहिलेलं असतं. तुम्ही ते उचलायचं, नंबर टाकून 'माझ्याकडे आलं' असं कळवायचं आणि जमेल तितकं त्याच्या वाटेवर पुढे नेऊन दुसऱ्या डब्यात ठेवायचं. बदल्यात काही ठेवावं लागत नाही. काही डबेवाले 'एक नाणं घ्याल तर एक नाणं ठेवा' अशी पाटी लावतात. तसं करायचं नसतं, कारण मग नाणी तिथेच कैद होतात.

अशी नाणी पाडायची कल्पना वॉशिंग्टन राज्यातल्या जॉन स्टॅन्ली या खेळाडूची. त्याने २००१ मध्ये स्वतःच्या खुणेची नाणी करून डब्यांत सोडली. पुढे त्याचा मोठा धंदाच झाला. जस्ताच्या मिश्रधातूवर ठसा, खोलगट भागात मिन्याचे रंग, वरून सोनेरी, काळपट किंवा जुन्या चांदीसारखी झिलई. एकच नाणं पाच झिलयांमध्ये काढतात, त्यातली एक मुद्दाम कमी पाडतात, आणि मग संग्राहकांची झोप उडते.

माझ्याकडे आलेलं नाणं पुण्याच्या बाजूच्या एका डब्यातून आलं. आपल्या दहाच्या नाण्याच्या दीडपट रुंद आणि हाताला चांगलं जड. एका बाजूला निळ्या मिन्याच्या दोन रेघा, वरून वेगवेगळ्या निघून मधोमध एक झालेल्या. दुसऱ्या बाजूला होकायंत्र. कडेला बारीक अक्षरांत नंबर, तोही असा की ट्यूबलाइटखाली वाचताच येत नाही. टॉर्च आडवा धरून नाणं हळूहळू फिरवावं तेव्हा एकेक अक्षर सावलीतून वर येतं. मालक जर्मनीतला. पानावर एकच इच्छा: मला नद्यांचे संगम दाखवा.

हे वाचून खानदेशी माणसाची छाती फुगणार नाही तर काय. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, पण संगम म्हणाल तर पैशाला पासरी. चांगदेवला तापी-पूर्णा, रामेश्वरला तापी-गिरणा, मुडावदला तापी-पांझरा, प्रकाशाला तापी-गोमाई. तापी पश्चिमेकडे निघाली आहे आणि वाटेत भेटेल तिला बरोबर घेते आहे. जर्मनीतल्या त्या माणसाला ही यादी ठाऊक असण्याचं कारण नाही. पण नाणं बरोबर गावी आलं होतं.

घरी मात्र त्याची ओळख करून देणं अवघड गेलं. आमच्या आत्या देवघरापाशी बसलेल्या. त्यांनी नाणं हातात घेतलं, दोन्ही बाजू बघितल्या, म्हणाल्या, "हाई काय शे वं? टाक शे का?" मी म्हटलं, टाक नाही, परदेशातल्या एका माणसाचं नाणं आहे, ते फिरायला निघालंय. आत्यांनी ते परत माझ्या हातात ठेवलं. "आपलं नई ते मंग घरमा कसाले ठेवेल शे?"

या खेळातली सगळी रीतभात या एका प्रश्नात आली. साईटवरचा दंडक असा की फिरतं नाणं साधारण दोन आठवड्यांच्या आत पुढे सरकवावं. जास्त दिवस लागणार असतील तर मालकाला तसा निरोप धाडावा. पाहुण्याला आग्रह करून ठेवून घेणं हा आमच्याकडे सद्गुण आहे, इथे तो गुन्हा. आणि नाणं अडकतं ते बहुतेक चोरीमुळे नव्हे, आळसामुळे. ते ड्रॉवरमध्ये जातं, ड्रॉवरवर बिलं येतात, माणसाची बदली होते, खेळाचा नाद सुटतो. साईटवर मात्र ते नाणं वर्षानुवर्षं 'अमुकच्या हातात' असं दिसत राहतं. मालक तिकडे बसून ते पान उघडतो आणि बंद करतो.

चोरीही होतेच, नाही असं नाही. नाणं देखणं असतं, डब्यावर राखण नसते आणि संग्रहाची हौस ही हौसच. मग मालकांनीही युक्त्या काढल्या. कोणी खरं नाणं घरी ठेवतो आणि त्याचा फोटो लॅमिनेट करून प्रवासाला पाठवतो. कोणी नाण्याला सरळ ड्रिलने भोक पाडतो, म्हणजे संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत जाते. चोराला नको वाटावी म्हणून आपली वस्तू आपणच बिघडवायची! यात शहाणपण आहे हे कळतं, पण मला ते आवडत नाही. लॅमिनेट केलेला कागद तर अजिबातच नाही. डब्याचं झाकण उघडल्यावर हाताला जे वजन लागतं, त्यासाठी तर माणूस काट्याकुट्यांत शिरलेला असतो.

धुळ्याला आमच्या ओळखीचे एक काका जुनी नाणी जमवतात. शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यांचा त्यांचा संग्रह बघायला लांबून लोक येतात. मी त्यांना हे नाणं दाखवायला नेलं. पर्समधून किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर ते बाहेर आलं तेव्हाच त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ते कडेने, दोन बोटांत धरलं. भिंगातून बघितलं. "ओरखडे केवढे आहेत," म्हणाले. मी म्हटलं, काका, ते ओरखडे म्हणजे त्याचा प्रवास. त्यावर ते काही बोलले नाहीत. नाणं उलटं करून परत बघू लागले. त्यांच्याकडच्या शिवराया कागदी चौकटीत, पारदर्शक खिडकीमागे. कोणत्या हातातून कोणत्या बाजारात गेल्या, शेवटी कोणत्या शेतात नांगराला लागल्या, ते त्यांना अर्धंमुर्धंच कळणार. या जस्ताच्या तुकड्याचं मात्र सगळं लिहिलेलं. मग ते खऱ्या संग्राहकाच्या प्रश्नांवर आले: पाडली किती, कोणी पाडली, कोरं मिळतं का?

कोरं मिळतं, आणि संग्रहाचा सरळ मार्गही तोच. नवीन नाणं विकत घेतलं की त्याबरोबर ॲक्टिव्हेशनचा कोड मिळतो. तो वापरून नंबर आपल्या नावावर चढवला नाही तोवर नाणं कोरं. हौशी संग्राहक कोरं नाणंच मागतात, कारण एकदा नोंद झालेल्या नाण्याला धनी लागलेला असतो. शहाणी माणसं दोन घेतात, एक अल्बमला, एक वाटेला. मेळाव्यांत आपापले अल्बम उघडून एकमेकांत अदलाबदल चालते, तीही कोऱ्या नाण्यांची. नोंद झालेली नाणी तिथे टेबलावर मांडतात ती नुसती बघायला. बघणाऱ्याने नंबर टिपून घ्यायचा आणि साईटवर 'डिस्कव्हर'ची नोंद करायची. नाणं मालकाकडेच राहतं, तुमच्या नावापुढे त्याचं चित्र येतं. बघितलं, हातात घेतलं, परत दिलं, तरी खात्यावर जमा! काकांना हे फार आवडलं. "म्हणजे कपाट लागत नाही," म्हणाले. त्यांच्या घरात शिवरायांमुळे कपाटावरून काय बोलणी होतात ते मला माहीत आहे.

यातही हात मारणारे आहेतच. घरबसल्या नंबरांच्या याद्या मिळवायच्या आणि एका संध्याकाळीत पाचशे नाणी 'बघितली' म्हणून नोंदवायची. नाणं कधी पाहिलं नाही, त्याला बोट लावलं नाही, आणि मालकाला निरोप जातो की तुझं नाणं भेटलं हो. मला तरी हे ड्रॉवरवाल्यापेक्षा वाईट वाटतं. ड्रॉवरवाल्याने निदान नाणं घरी तरी नेलं.

म्हणून फोटोत नंबर दिसू द्यायचा नाही, हा या खेळातला सर्वांत कडक संकेत. फोटो काढताना त्या कडेवर अंगठा ठेवायचा. याला एक मोठा अपवाद आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर अवकाशवीराच्या हेल्मेटच्या काचेसारख्या प्लास्टिकचा एक तुकडा आहे आणि त्यावर असाच ट्रॅकिंग नंबर छापलेला आहे. उपकरणाची परीक्षा घेण्यासाठी गाडीच्या कॅमेऱ्याने त्या तुकड्याचा फोटो काढला, तो पृथ्वीवर आला आणि खेळाडूंनी नंबर वाचून 'डिस्कव्हर' केलं. तिथे अंगठा ठेवायला कोणी नव्हतं.

आता संगमाचं. चांगदेवचं देऊळ संरक्षित स्मारक आहे. अशा जागी डबा लपवायचा नसतो, आणि तो रास्त नियम आहे. शिवाय आपल्याकडे बेवारस वस्तू दिसली की लोकांना आधी पोलीस आठवतो. भुसावळ स्टेशनवर बॉम्बची सूचना ऐकत लहानाचा मोठा झालेला माणूस झुडपातला प्लास्टिकचा डबा आनंदाने उघडणार नाही. डबे आमच्याकडे विरळ राहिले त्याचं मी तरी हे एक कारण धरते. पण नाण्याला प्रत्येक ठिकाणी डबाच लागतो असं नाही. नुसतं बरोबर नेऊन दाखवलं तरी 'व्हिजिट'ची नोंद होते. तेव्हा आम्ही नुसतेच गेलो. हतनूर धरणाचं फुगवटा-पाणी तिथे इतकं पसरलेलं की कोणती तापी आणि कोणती पूर्णा हे नावाड्याला विचारावं लागलं. त्याने हाताने हवेत रेघ मारून दाखवली. बरोबर आत्या होत्या. नाणं पाण्याला लावलं, अंगठा ठेवून फोटो काढला, तेवढ्यात आत्यांनी पिशवीतली कुंकवाची डबी काढली आणि मला काही कळायच्या आत नाण्याला बोट टेकवलं. निळ्या दोन रेघा जिथे मिळतात बरोबर त्या खाचेत कुंकू बसलं. टोकदार काडीनेही पूर्ण निघालं नाही, आणि जास्त खरवडलं तर मिना जाईल असं काकांनी फोनवर बजावलं.

मालकाला फोटो पाठवला, लाल रंग कशाचा तेही लिहिलं. त्याचं उत्तर आलं, असू दे.

मग पुढचा प्रश्न, पुढे कोणाबरोबर धाडायचं. घरात लगेच बैठक बसली. काकांचं म्हणणं, मुडावद राहिलंय, तिथलं कपिलेश्वराचं देऊळ दाखवल्याशिवाय कसं सोडता. बहिणीचं म्हणणं, प्रकाशा तर दक्षिणकाशी, ती चुकवून चालेल का. प्रत्येकाकडे नाणं ठेवून घ्यायला एक पवित्र कारण होतं. पंधरवडा संपत आला होता. शेवटी सुरतेजवळ उधन्याला नोकरी करणारा भाचा सुट्टीवरून परत निघाला होता, त्याच्या हातात दिलं. गाडी ताप्ती लाईनची, म्हणजे तापीच्या संगतीनेच जाणार. त्याने त्याच रात्री खातं उघडलं, टॉर्च आडवा धरून नंबर वाचला आणि नाणं आपल्या नावावर घेतलं.

परवा त्याचा फोन आला. मी विचारलं, डबा सापडला का जवळपास? म्हणाला, "डबा बघून ठेवलाय गं मावशी. पण डुमसकडे तापी समुद्राला मिळते, तोही एक संगमच नाही का? मित्राची गाडी मिळाली की दाखवून आणतो."

"गाडी कधी मिळणार?"

"गणपतीपर्यंत मिळेल."

मी म्हटलं, रविवारी बसने जा.