फणसोंबा आणि जांभळा रंग

लहानपणी तोंड आलं की आजी फणसाच्या खोडावरचा फणसोंबा सहाणेवर पाण्यात उगाळून बोटाने लावायची. चव तुरट, लाकडी. एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय शोधताना तोच आठवला. लाकूड कुजवणारी ही फेलिनस प्रजातीची बुरशी घोड्याच्या खुरासारखी टणक. पहिल्याच दिवशी मिक्सरचं पातं गेलं. मग कोयत्याने तुकडे करून खलबत्त्यात कुटली, मिथेनॉलमध्ये भिजवली, गाळून आटवली. तळाशी राहिलं ते गडद तपकिरी, डिंकासारखं चिकट.

या अर्काने दाह कमी होतो का, ते बघायची चाचणी नेहमीचीच. उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी (रॉ 264.7 हा त्यांचा प्रयोगशाळेतला वाण) घ्यायच्या आणि जिवाणूंच्या कवचातलं एलपीएस नावाचं द्रव्य घालून त्यांना चिडवायचं. चिडल्या की त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात, ती दाहाची खूण. त्याचं नायट्राइट झालं की ते ओळखणाऱ्या ग्रीस नावाच्या अभिकर्मकात गुलाबी रंग येतो. अर्क घातलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) तो गुलाबी जवळपास उडालाच होता. मी खूश!

पण मेलेल्या पेशीही नायट्रिक ऑक्साइड सोडत नाहीत. म्हणून जोडीला एमटीटी चाचणी: पेशी जिवंत असतील तर पिवळ्या एमटीटीचं जांभळं होतं. माझ्या प्लेटमध्ये जांभळा भरपूर, अर्क न घातलेल्या पेशींपेक्षाही जास्त. शंका तिथेच यायला हवी होती. आली नाही. आलेख काढून मोकळी झाले.

आलेख बघून माझ्या मार्गदर्शक मॅडम एवढंच म्हणाल्या, "पेशी न घालता नुसता अर्क लावून बघितलास?"

नव्हता बघितला. लावला, तर पेशी नसलेली वेलही जांभळी! अर्कातली पॉलिफेनॉल्स ही वनस्पती-बुरशींतली संयुगं स्वतःच एमटीटीचा रंग बदलत होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा जास्त मात्रेच्या वेलमध्ये पेशी गोल होऊन तरंगत होत्या. दाह कमी झाला नव्हता, पेशीच मेल्या होत्या. दोन महिन्यांचे आलेख कचऱ्यात.

पुढे एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पेशी दोनदा पीबीएसने (पेशींना न दुखावणाऱ्या खारट द्रावणाने) धुवायला लागले आणि मात्रा उतरवत नेली. एका मात्रेला पेशी तळाला नीट चिकटलेल्या आणि गुलाबी तरीही थोडा फिका. थोडाच, पण तीनदा केलं तरी तेच.

मग अर्काचे वेगवेगळ्या द्रावकांनी भाग पाडले, तर तो परिणाम मुख्यतः इथिल अॅसिटेटमध्ये उतरलेल्या भागात आला. मिश्रणातली संयुगं ठिपक्यांत वेगळी करणाऱ्या टीएलसी पट्टीवर त्यात एक पिवळा ठिपका दिसतो. फेलिनसमध्ये हिस्पिडिन नावाचं पिवळं संयुग सापडतं, पण रंग जुळला म्हणून नाव द्यायची हिंमत आता माझ्यात नाही. रेणूची रचना ओळखणाऱ्या एनएमआर तपासणीला द्यायचं तर माझ्याकडे शुद्ध माल जेमतेम दोन मिलिग्रॅम. मे महिन्यात गावी जाऊन आणखी काढून आणणार आहे. कोयता आत्याकडे सांगून ठेवलाय.