मागावर सोडलेला वीतभर ताणा

पैठणजवळच्या एका घरातून मी हातमाग विकत आणला, तेव्हा त्याच्या वयांत आणि फणीत जुन्या ताण्याचे, म्हणजे कापडातल्या उभ्या दोऱ्यांचे, मळकट दोरे तसेच अडकलेले होते. वया म्हणजे दोरे वरखाली करणाऱ्या, डोळ्यांच्या चौकटी; फणी म्हणजे दोरे सारख्या अंतरावर ठेवणारी, कंगव्यासारखी पट्टी. माग छत्रपती संभाजीनगरला घरी पोहोचला आणि पहिल्याच रविवारी मी ते सगळे दोरे कात्रीने कापून टाकले, फणी ब्रशने घासली, वया साबणाच्या पाण्यातून काढून वाळत घातल्या. आठवड्याभराने माग लावून द्यायला काका आले. हे काका जन्मभर पैठणी विणत आलेले आहेत. त्यांनी मोकळ्या वयांवरून हात फिरवला आणि विचारले, "ताई, दोरे कापले का हो तुम्ही?" मी हो म्हटले. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. आता एकेक भरावा लागेल."

मी कचरा समजून जे फेकले, ते मागातले सर्वांत मोलाचे काम होते, हे मला त्या दिवशी कळले. जुना ताणा संपत आला की विणकर तो शेवटपर्यंत विणत नाही. वयांच्या डोळ्यांतून आणि फणीच्या घरांतून ओवलेले दोरे तो वीतभर मागे सोडतो आणि नव्या ताण्याचा प्रत्येक दोरा जुन्याच्या टोकाला जोडतो. याला सांधणी म्हणतात. सांधलेले दोरे हळूहळू पुढे ओढले की नवा ताणा आपोआप वयांतून आणि फणीतून पार होतो, त्यामुळे ओवण्याचे किचकट काम एकदा केले की वर्षानुवर्षे पुरते. पैठणीच्या रेशमी ताण्यात तर हजारो तार असतात. हिमरू या सुती-रेशमी नक्षीदार कापडाच्या जुन्या मागावर सुती ताण्याचे दोरे नक्षी उचलणाऱ्या दोऱ्यांतूनही गेलेले असत. तिथे कात्री चालवणे म्हणजे कित्येक दिवसांची मेहनत एका हाताने पुसून टाकणे होय.

ताण्याच्या आधी मागाची बैठक पाहावी लागते. माझा माग चौकटीचा आहे, विणकर पाय खाली सोडून बसतो तसा खड्ड्याचा नाही, आणि घरातली शहाबादी फरशी डोळ्याला सपाट दिसली तरी एका कोपऱ्यात उतरती निघाली. काकांनी गवंड्यांसारखी पाण्याची नळी लावून चारही पायांची पातळी पाहिली, कमी पडणाऱ्या पायाखाली लाकडी पाचर दिली आणि मग सुतळीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. एक कर्ण अर्धा इंच लांब होता. चौकट एवढी जरी तिरपी राहिली तरी पुढचा आणि मागचा रूळ एकमेकांना समांतर राहत नाहीत, कापड एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने सैल गुंडाळले जाते आणि पंधरा-वीस हात विणल्यावर बाणा, म्हणजे आडवा दोरा, सरळ बसेनासा होतो. दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत आम्ही चौकट ठोकून घेतली.

मला पंचे विणायचे होते. सूत घेतले वीस नंबरचे, दोन पदरी. सुती धाग्याचा हा नंबर म्हणजे ८४० यार्डांच्या किती लडी एका पौंडात बसतात त्याची संख्या. दोन पदरी असल्यामुळे हे सूत जाडीने दहा नंबरच्या बरोबरीचे होते आणि किलोला साधारण १७ किलोमीटर भरते. फणी २४ नंबरची होती. त्यावरून इंचाला २४ घरे असतील असे मी धरून चालले होते, पण पट्टी लावून मोजल्यावर १२ च निघाली. आपल्याकडे चालणाऱ्या या पद्धतीत फणीचा नंबर दोन इंचांतल्या घरांवरून ठरतो. प्रत्येक घरात दोन दोरे घातले की इंचाला २४ दोरे होतात, म्हणजे नंबर आणि इंचातले दोरे जुळतात. ३० इंच रुंदीला ३६० घरे आणि ७२० दोरे, शिवाय काठ मजबूत यावा म्हणून दोन्ही कडांच्या चार-चार घरांत दोनाऐवजी चार दोरे, असे एकूण ७३६ दोरे झाले. दोन-दोन मीटरचे चार पंचे, विणताना आक्रसणारी लांबी, बांधणीत जाणारे टोक आणि मागे सोडायचा वीतभर ताणा धरून लांबी १० मीटर ठरवली. एवढ्या ताण्याला सुमारे ४३५ ग्रॅम सूत लागते.

ताणा मी परसातल्या भिंतीला खुंट्या ठोकून त्यांवर केला. या कामात एका गोष्टीला पर्याय नाही, ती म्हणजे टोकाच्या दोन खुंट्यांमधली दोऱ्यांची फुली. जाताना दोरा पहिल्या खुंटीच्या वरून आणि दुसरीच्या खालून न्यायचा, येताना याच्या उलट आणायचा. त्यामुळे दोरे एकाआड एक उलटसुलट बसतात आणि कोणता दोरा कोणाच्या शेजारचा हे कायम राहते. फुली सुटली तर ७३६ दोऱ्यांचा नुसता गुंता हाती उरतो. दर २४ दोऱ्यांनंतर मी रंगीत दोऱ्याची गाठ मारत गेले. अशा ३० जुड्या झाल्या आणि वर १६ दोरे राहिले.

दोरे नीट मोजले गेले, पण ओढीकडे माझे दुर्लक्ष झाले. निम्मा ताणा मी मे महिन्यातल्या दुपारी केला आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पहाटे, ताज्या हाताने आणि जरा जास्त खेचून. पहिल्या पंच्यात डावीकडचा निम्मा भाग सैल पडला, लाटांसारखा. तो पंचा मी ठेवून दिला आहे. आता ताणा सुरू केला की तो एकाच बैठकीत पुरा करते.

मराठवाड्याची हवा सुती ताण्याला सोसत नाही, हे वेगळे सांगायला हवे. सूत ओलसर असताना जास्त बळकट असते आणि कोरडे पडले की चटकन तुटते. रेशमाचे याच्या उलट आहे; ते ओले झाले की कमजोर होते. एप्रिल-मे मध्ये खिडकीला ओले गोणपाट लावल्याशिवाय आणि फरशीवर पाणी शिंपडल्याशिवाय मी मागावर बसत नाही. खड्ड्याच्या मागावर जमिनीचा ओलावा ताण्याला मिळतो, म्हणून जुन्या लोकांनी तो खड्डा उगाच खणला नव्हता असे मला वाटते.

दोन पदरी सुताला खळ थोडी लागते. तांदळाच्या पातळ पेजेत जरासे खोबरेल घालून मी ती लावली. एकपदरी हातसुताला मात्र पांजणीवाचून, म्हणजे ताण्याला पुरती खळ दिल्यावाचून, गत्यंतर नसते, कारण ते वयांत घासले जाऊन पिंजते. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वजाची खादी तयार होते. तसे हातसूत विणायचे तर ताण्याची तयारी किती काटेकोर लागत असेल, हे आता मला उमगते. घोंगडीच्या लोकरी ताण्याला चिंचोक्याची खळ कुंचल्याने देतात, तिचा वास मला लहानपणापासून माहीत आहे.

ताणा बीमवर, म्हणजे मागच्या रुळावर, गुंडाळताना माझ्या जाऊबाई पुढून जुड्या धरून उभ्या राहिल्या आणि मी मागे बीम फिरवत गेले. इंचाइंचावर खिळे मारलेल्या पट्टीतून जुड्या सोडल्यामुळे रुंदी ३० इंचांची राहिली, आणि प्रत्येक वेढ्याखाली जाड कागद घातल्यामुळे वरचे दोरे खालच्यांत रुतले नाहीत.

मग ते काम आले, जे मी कात्रीने स्वतःवर ओढवून घेतले होते. चार वया, प्रत्येकीवर १८४ डोळे. काका मागून फुलीतला पुढचा दोरा बोटावर उचलून द्यायचे, मी पुढून डोळ्यातून आकडा घालून तो ओढून घ्यायची: पहिली वई, दुसरी, तिसरी, चौथी, पुन्हा पहिली. तीनशेच्या पुढे माझे डोळे भरून आले आणि एक दोरा तिसऱ्या वयीऐवजी दुसरीत गेला. तो काकांनी बोटानेच ओळखला, कारण त्यांच्या हातातला पुढचा दोरा आडवा खेचला गेला. वया भरून, फणी भरून, दोरे पुढच्या रुळाच्या काठीला बांधून होईपर्यंत अडीच दिवस गेले.

चौथा पंचा संपत आला तेव्हा मी वीतभर ताणा राखून हात थांबवला. नवा ताणा निळ्या सुताचा केला, दोरे तेवढेच, ७३६. सांधणी याच अटीवर चालते. रुंदी किंवा दोऱ्यांची संख्या बदलायची असेल तर वया पुन्हा भराव्या लागतात. काकांनी चिमूटभर राख बोटांना लावून जुना पांढरा आणि नवा निळा दोरा एकत्र धरले, अंगठ्याने पीळ दिला आणि टोक मागे वळवून चापून बसवले. मला तो पीळ साधायला पन्नासेक दोरे वाया घालवावे लागले, पण सगळी सांधणी एका दिवसात झाली. संध्याकाळी आम्ही पुढचा रूळ बोटबोटभर फिरवला. सांधे वयांतून सुटून फणीपाशी आले, अकरा तुटले, ते तिथेच पुन्हा सांधले, आणि फणीच्या अलीकडे पांढऱ्या दोऱ्यांच्या जागी एका रेषेत निळे दोरे दिसू लागले.