बासचा बेडूक आणि मामा तलावातली मरळ : यंदाच्या हंगामाची नोंद

गेल्या हंगामाच्या शेवटी वहीत उतरलेला एक आकडा मला सबंध पावसाळाभर टोचत राहिला. मरळीसाठी टाकायच्या पोकळ बेडकावर, म्हणजे गळ लपवलेल्या खोट्या आमिषावर, ४१ झडपा आल्या होत्या आणि त्यांतल्या अवघ्या ९ मरळी काठापर्यंत पोहोचल्या होत्या. बाकीच्या ३२ वेळा पाणी फुटले, आवाज झाला, काळीज धडधडले आणि हिसका दिल्यावर रिकामा बेडूक हवेतून माझ्याच अंगावर आला. म्हणून यंदा दिवाळीनंतर पहिला गळ पाण्यात पडण्यापूर्वीच मी ठरवले होते की नव्या ल्युअरच्या (कृत्रिम आमिषाच्या) मागे न लागता या एकाच प्रश्नाचा छडा लावायचा. त्याची ही नोंद आहे. ज्यांना मरळीचे वेड आहे त्यांना ती उपयोगी पडेल अशी आशा आहे.

पाणी आधी सांगतो, कारण पाणी समजल्याशिवाय सामानाची चर्चा व्यर्थ आहे. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमच्या गावाला लागून एक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या अशा तलावांनीच भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा सगळा धानाचा पट्टा जगवला आहे. आमच्या तलावाची खोली पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, दीड पुरुष असेल. वरच्या अंगाला तो उथळ होत होत धानाच्या बांध्यांत मिसळतो. त्या उथळ भागात काठाला देवधान (रानटी भात), त्याच्या आत कमळ, एका कोपऱ्यात लावलेला शिंगाडा आणि उरलेल्या जागेत बेशरमीची झुडपे असा सगळा पसारा आहे. मासेमारीचा ठेका ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे आहे. संस्थेने सोडलेल्या कटला, रोहू आणि मृगळ यांना मी हात लावत नाही. मरळ मात्र कुणी सोडत नाही, ती आपोआप येते, आणि तिच्यासाठी पाळीवरून ल्युअर टाकण्याची परवानगी मला संस्थेने दिली आहे. घरी नेलेल्या मरळीचे पैसे मी संस्थेच्या भावाने मोजतो. नवेगावचा मोठा बांध जवळ असला तरी तो राष्ट्रीय उद्यानातला आहे, त्यामुळे तिकडे रॉड घेऊन जाण्याचा विचारही मनात आणू नये.

अशा पाण्यात तीन काट्यांचा उघडा गळ असलेले कोणतेही ल्युअर दुसऱ्या फेकीला कमळाच्या देठात अडकते आणि ते सोडवायला पाण्यात उतरले की दिवस संपतो. नेमकी हीच अडचण अमेरिकेतल्या बास मासा धरणाऱ्यांना आली होती, कारण लार्जमाउथ बाससुद्धा पाणवनस्पतींच्या सावलीत दबा धरून बसणारा मासा आहे. पोकळ बेडूक हे त्या अडचणीचे उत्तर आहे. मऊ पीव्हीसीच्या पोकळ अंगात दोन काट्यांचा गळ असतो. काटे वर वळून बेडकाच्या पाठीला चिकटून राहतात, त्यामुळे बेडूक पानांवरून सरपटत जातो आणि कुठे अडकत नाही. माशाने तोंडात घेऊन दाबला की अंग चपटे होते आणि काटे उघडे पडतात. कल्पना अशी सुंदर आहे की मी अजूनही दर हंगामात एकदा तरी बेडूक हातात घेऊन नुसता दाबून पाहत बसतो.

पण ही कल्पना बासच्या तोंडासाठी बेतलेली आहे आणि मरळीचे तोंड वेगळे आहे, हे मला इतक्या वर्षांत नीट उमगले नव्हते. बासचे तोंड मोठे व मऊ असते आणि त्याचे दात बारीक, खरखरीत कागदासारखे असतात. म्हणूनच बास धरणारे त्याच्या खालच्या ओठात अंगठा घालून मासा उचलतात. मरळीच्या तोंडात अंगठा घालण्याचा विचार करू नका. तिचे दात खरे दात आहेत, जबडा हाडकुळा आहे आणि गळ रुतायला मऊ जागा फार थोडी आहे.

पहिला प्रयोग मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर केला. बेडूक ताटलीत ठेवून वरून बोटाने दाबत गेलो आणि काटे पाठीतून बाहेर येईपर्यंत किती भार लागतो ते पाहिले. पौषातल्या पहाटे, ओसरीवर रात्रभर राहिलेल्या बेडकाला सुमारे १,६०० ग्रॅम भार लागला. तोच बेडूक दुपारी उन्हात तासभर ठेवल्यावर ९०० ग्रॅमांतच चपटा झाला. थंडीत प्लास्टिक ताठ होते हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा हिशेब काट्यावर दिसला तेव्हा पौष-माघातल्या माझ्या सुटलेल्या झडपांचा काही भाग तरी उलगडला. तेव्हापासून थंडीच्या सकाळी मी बेडूक डब्यात न ठेवता स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवतो आणि ऊन कोवळेपण सोडू लागेपर्यंत पाळीवर जातच नाही. मरळही त्या सुमाराला थंडीने सुस्त असते, त्यामुळे पहाटेची घाई करून काही हाती लागत नाही.

दुसरा बदल काट्यांचा. बारीक पक्कडीने दोन्ही काट्यांची टोके बाहेरच्या बाजूला किंचित वाकवली. एका बेडकाचे काटे मी दोन मिलिमीटर उघडले तर तो प्रत्येक फेकीला देवधानाची एक काडी घेऊन परत येऊ लागला. एक मिलिमीटरवर तोच बेडूक स्वच्छ चालला. हे मोजमाप प्रत्येक बेडकाचे वेगळे निघेल, म्हणून आधी थोडेच वाकवून पाहावे.

माघाच्या अखेरीपर्यंत या दोन बदलांनी थोडा फरक पडला, पण मनासारखा नाही. खरे कारण चैत्रात दिसले, आणि तेही डोळ्यांनी. तलाव बराच उतरला होता, तुडुमाजवळचे, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याच्या मोरीजवळचे, पाणी नितळ झाले होते आणि मी पाळीवरच्या मोहाच्या सावलीत उभा होतो. कमळाच्या पानांच्या फटीतून मी बेडूक हळूहळू पुढे आणत होतो. पानाखालून एक मरळ निघाली, दीड-दोन किलोची असावी, आणि बेडकाच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. तिचे छातीचे पर पंख्यासारखे हलत होते आणि शरीर जागच्या जागी स्थिर होते. मी बेडूक थांबवला. तिने तोंड उघडले, आणि बेडकाचे नुसते मागचे पाय, ते सिलिकॉनच्या दोऱ्यांचे झुबके, ओठांत धरले. अंग तोंडात गेलेच नव्हते. तिने मान वळवून खाली बुडी मारली, पाणी फुटले, आणि वरून पाहणाऱ्याला वाटावे की झडप पडली. मी हिसका दिला नाही. तिने दोऱ्या सोडून दिल्या आणि ती निघून गेली.

गेल्या वर्षीच्या ३२ झडपांपैकी अशा किती असतील हे आता कळायला मार्ग नाही, पण त्या दिवशी घरी येऊन मी सगळ्या बेडकांचे पाय कापले. विकत मिळणाऱ्या बेडकाचे पाय अंगाइतकेच किंवा त्याहून लांब असतात. मी ते दोन बोटे रुंदीइतके ठेवले आणि एक बाजू मुद्दाम किंचित आखूड केली, म्हणजे बेडूक रॉडच्या टोकाच्या हलक्या झटक्यांनी डावी-उजवीकडे तोंड वळवत चालतो. थायलंड आणि मलेशियात मरळीच्या कुळातल्या माशांसाठी जे छोटे बेडूक वापरतात, त्यांना लांब पाय नसून मागे लहानशी फिरती पत्री असते, हे मी आधीही पाहिले होते. त्याचे मर्म मात्र आता लक्षात आले.

चाल कशी असावी याचा धडा मला संस्थेतल्या एका वडीलधाऱ्या ढिवरकाकांकडून मिळाला. ते डोंग्यातून शिंगाड्याची वेल सारखी करत होते आणि माझ्या फेकी पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, "गुरुजी, बेडूक असा सरळ कधी जाते का? तो उडते, बसते, इकडंतिकडं पायते, मंग उडते." मी वर्षानुवर्षे एका लयीत बेडूक ओढत आलो होतो, कारण बास धरणाऱ्यांची ती सवय मी चित्रफितींतून उचलली होती. काठावर आपल्याकडे जो लहान बेडूक असतो, पाय वाजताच पाण्याच्या पृष्ठावरून टणटण उड्या मारत जाणारा, त्याच्याकडे मी त्या संध्याकाळी अर्धा तास नीट पाहिले. तो तीन-चार उड्या घेतो आणि मग डोळे तेवढे बाहेर ठेवून बराच वेळ निश्चल पडून राहतो. आता माझा बेडूकही तसाच जातो, आणि बहुतेक झडपा तो निश्चल असतानाच येतात.

मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचीही सोय असते आणि त्यासाठी तिला ठरावीक वेळाने वर यावे लागते, हे आपण सर्व जाणतोच. तिच्या श्वासाचे वलय दिसले की थेट त्यावर बेडूक आदळू नये. वलयाच्या पलीकडे दोन हात टाकून तो त्या जागेवर चालत आणावा. मी दहा फेकींत ही चूक अजूनही दोनदा करतो.

आता हिसक्याविषयी. झडप दिसताच मनगट आपोआप उठते आणि ही सवय मोडणे सगळ्यांत कठीण गेले. यंदा मी रॉडचे टोक पाण्याकडे झुकवून ठेवायला लागलो. झडप आल्यावर सैल दोरी गुंडाळून घ्यायची, बेडकाचे नाही तर माशाचे वजन हाताला लागले की मगच वर खेचायचे. त्यासाठी दोरी न ताणणारी हवी. नायलॉनचा तंगूस वीस-पंचवीस मीटरवर इतका ताणतो की हिसक्याचा जोर माशाच्या जबड्यापर्यंत पोहोचत नाही. मी ५० पौंडाची ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी) वापरतो आणि ती बेडकाला पालोमर गाठीने थेट बांधतो. चैत्र-वैशाखाच्या नितळ पाण्यात हातभर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि बेडूक यांच्यामधला पारदर्शक धागा, जोडून पाहिला. फ्लुरोकार्बनचा वक्रीभवनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) १.४२, म्हणजे नायलॉनपेक्षा पाण्याच्या १.३३ च्या जवळ असल्यामुळे तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो हे खरे आहे, पण पानांवरून चालणाऱ्या बेडकाची दोरी बहुतांशी पाण्याबाहेरच असते, आणि गाठ कमळाच्या देठांत अडकते ती वेगळीच. बेडकासाठी लीडर मला अनावश्यक वाटतो.

रॉड सात फुटी, हेवी, म्हणजे ताठ, आहे आणि बेटकास्टर रीळ ७:१ गुणोत्तराचे (हँडलच्या एका फेऱ्यात फिरकीचे सात फेरे) आहे. याच हंगामात मागवलेला दुसरा रॉड पहिल्याच आठवड्यात टोकाच्या कडीपाशी मोडला. विक्रेत्याने तो बदलून दिला नाही. त्यामुळे जुन्या रॉडचाच मुक्काम वाढला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

स्पिनरबेटला, म्हणजे तारेवर फिरते पाते असलेल्या ल्युअरला, यंदा फार वेळ दिला नाही. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात गोल, कोलोरॅडो पात्याचे स्पिनरबेट बेशरमीच्या कडेने चांगले चालले, कारण ते पाते पाण्यात जास्त थरथर निर्माण करते. लांबट, विलो पात्याची चमक आमच्या पाण्यात वाया जाते. दोन मरळींनंतर त्याची तार इतकी वाकडी झाली की ते पुन्हा सरळ चालले नाही.

उरलेल्या संध्याकाळी पांगाऱ्याच्या लाकडाचे पॉपर (खोलगट तोंडाने पाणी उडवणारे तरंगते ल्युअर) कोरण्यात गेल्या, आणि हा उद्योग मला मनापासून आवडला आहे. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये आपले पहिले ल्युअर बुचातून (कॉर्कमधून) कोरले, त्याला चॉकलेटच्या चंदेरी कागदाने मढवले आणि वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा लेप दिला, हे वाचल्यापासून ही इच्छा मनात होती. पांगारा हलका आहे, चाकूला लोण्यासारखा लागतो, पण पाणी पिण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पहिले पॉपर अर्ध्या तासात जड होऊन बुडाले. दुसऱ्याला एपॉक्सीचे तीन थर दिले, गळ अडकवण्याच्या आकड्यांची भोकेसुद्धा आतून एपॉक्सीने भरली, आणि ते आता सबंध सकाळ तरंगते. उघड्या पाण्यात, पाळीच्या दगडांजवळ, त्यावर दोन मरळी मिळाल्या आहेत. तोंडाची खोलगट वाटी अजून मनासारखी होत नाही. पाणी पुढे फेकण्याऐवजी ते बाजूला सांडते.

मृगाच्या पहिल्या दोन सरींनंतर उथळ भागात नारिंगी पिलांचा एक गोळा दिसला. मूठभर चिंगाऱ्या उकळल्यासारखा तो गोळा दर थोड्या वेळाने वर येऊन श्वास घेत होता आणि त्याच्या खाली नर-मादीची जोडी राखण करत होती. अशा जोडीसमोर बेडूक टाकला तर ती हमखास झडप घालते, कारण ती भुकेने नाही, पिलांसाठी चवताळलेली असते. ती जोडी काढली की तो सबंध गोळा दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जातो. मी त्याच दिवशी रॉड गुंडाळला. आता पाऊस सरून धान निसवेपर्यंत तो भिंतीला राहील.

वहीत यंदा ३८ झडपा आहेत आणि १९ मरळी काठावर आल्या आहेत. त्यांतल्या चार घरी आणल्या, बाकीच्या सोडल्या. पाणी यंदा लवकर उतरले आणि मासे कमी जागेत दाटले, त्याचाही या आकड्यात हात असणार, म्हणून सगळे श्रेय कापलेल्या पायांना देणे बरोबर होणार नाही. पुढच्या हंगामात अर्धे बेडूक लांब पायांचे आणि अर्धे आखूड पायांचे घेऊन दर फेकीला आलटून पालटून टाकणार आहे, म्हणजे फरक वेगळा काढता येईल. तोवर बेडूक धुऊन, आतले पाणी पिळून, सावलीत वाळवून सुती कापडात ठेवले आहेत. मऊ प्लास्टिकचे किडे त्याच डब्यात ठेवू नयेत. मागे मी ठेवले होते, आणि वैशाखाच्या उष्म्यात ते किडे आणि बेडकांचे पाय विरघळून एकमेकांना चिकटलेले निघाले.