शून्याचा एक झाला : मोहावी नो-किल रन, नोंद सातवी

फॉलआऊट : न्यू व्हेगास हा गेम एकालाही न मारता संपवायचा, हा माझा पण. परवा रात्री बेनी, म्हणजे सुरुवातीलाच माझ्या पात्राला गोळी घालणारा गडी, निसटला आणि मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. टॉप्स कॅसिनोच्या सुईटमध्ये बोलवायचं, स्वतः पसार व्हायचं आणि मागे गुंड सोडायचे, हा त्याचा डाव मला पाठ होता. अदृश्य करणारं यंत्र, स्टेल्थ बॉय, लावलं, भिंतीला चिकटून त्यांच्यामधून सरकले आणि लिफ्ट गाठली. मागच्या नोंदीत याच सुईटमध्ये अकरा वेळा मेले होते. म्हटलं, शून्य डोळे भरून बघू या. पिप-बॉयवर, म्हणजे पात्राच्या मनगटावरच्या संगणकावर, आकडेवारी उघडली.

मारलेले प्राणी : ०. मारलेली माणसं : १.

कोण? कधी? चाळीस तासांत मी बंदुकीच्या घोड्याला बोट लावलेलं नाही!

नशीब, ऑटोसेव्हवर माझा काडीचा विश्वास नाही. दर वळणावर वेगळी सेव्ह करते, अशा २१२ साठल्या होत्या. मधली सेव्ह उघडायची, आकडा बघायचा. एक दिसला तर मागच्या अर्ध्यात शोधायचं, शून्य दिसलं तर पुढच्या. हिशेबाने आठ लोडमध्ये खुनी हाताला लागायला हवा होता. लागले तेरा, कारण फोल्डरमध्ये फाइल्स तारखेऐवजी नावाने लावलेल्या होत्या आणि मी दहानंतर शंभर उघडत होते. हे कळेपर्यंत पहाटेचे तीन वाजले.

खुनी मीच, जागा प्रिम गाव. बायसन स्टीव्ह हॉटेलात डेप्युटी बीगलला सोडवायला शिरले होते, हातात बॉक्सिंग ग्लोव्ह्ज. तिसऱ्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की ग्लोव्ह्जने माणूस दमून आडवा पडतो, थोड्या वेळाने उठतो, मरत नाही. ते विधान मागे घेते. ग्लोव्ह्ज थकवा देतात हे खरं, पण त्यासोबत थोडी इजाही करतात. हॉटेलातल्या फरार कैद्यांपैकी माझ्यासमोरचा कैदी त्याच्याच साथीदाराच्या गोळ्या खाऊन आधीच अर्धमेला झाला होता, त्यात माझा ठोसा क्रिटिकल, म्हणजे नशिबाने जास्तच जोराचा, बसला. पात्राचा लक हा गुण ९ ठेवल्याची ही फळं. तीच सेव्ह सहा वेळा खेळून पाहिली. पाच वेळा तो नुसता आडवा झाला, एकदा गेलाच. मारल्यावर मिळणाऱ्या एक्सपीचा (अनुभवाच्या गुणांचा) आकडा पडद्यावर आला असणार, पण त्या धांदलीत बघतंय कोण?

म्हणजे ग्लोव्ह्ज बाद. आता फक्त दबकणं, बोलणं आणि पळणं.

जाता जाता संगणकावरच्या अवजारांबद्दल. मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल्स) सांभाळणाऱ्या मॉड ऑर्गनायझर २ मध्ये दर रनला वेगळं प्रोफाइल आणि त्याच्या वेगळ्या सेव्ह ठेवल्या होत्या, म्हणून हा शोध निदान शक्य झाला. अजूनही मॉड थेट डेटा फोल्डरमध्ये ओतणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. ४ जीबी पॅच आणि टिक फिक्स या दोन दुरुस्त्या लावल्यापासून २०१० सालचा हा गेम माझ्याकडे एकदाही कोसळलेला नाही. बाकी ग्राफिक्सचे ढीगभर मॉड लावण्यात मला रस नाही. वाळवंट करडंच बरं दिसतं.

बेत असा होता, की प्रिमच्या आधीच्या सेव्हवरून सगळं पुन्हा खेळायचं, म्हणजे चौतीस तास. हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, प्रिमला जायचंच कशाला? गेम जिथे सुरू होतो त्या गुडस्प्रिंग्ज गावाहून सगळे दक्षिणेला वळसा घालतात : प्रिम, निप्टन, नोव्हॅक, मग व्हेगास. पण व्हेगास आहे उत्तरेला. त्या वाटेवर कॅझाडोर (विषारी राक्षसी माश्या) आहेत आणि स्लोनजवळच्या खाणीत डेथक्लॉ (नख्यांचे राक्षस). गावकरी बजावतात, पण भिंत कुठेच नाही. या गेमने मला इतकी वर्षं धरून ठेवलंय ते यासाठीच. तो "जाऊ नकोस" म्हणतो, दार मात्र लावून घेत नाही. गोष्ट उलट्या टोकाने सुरू केली तरी ती धरून ठेवतो.

गुडस्प्रिंग्जच्या शाळेच्या तिजोरीत एक स्टेल्थ बॉय आहेच. व्हेगासच्या फ्रीसाइड वस्तीत पोचले की स्ट्रिप या कॅसिनोंच्या रस्त्याच्या दारावर २००० कॅप्स (गेममधले पैसे) दाखवायच्या. नुसत्या दाखवायच्या, द्यायच्या नाहीत. त्या फ्रीसाइडच्या अटॉमिक रँग्लर कॅसिनोत ब्लॅकजॅकवर कमवायच्या. लक ९ निदान तिथे तरी कामाला येऊ दे. बेनीला पुन्हा पळू द्यायचं, फोर्ट या लीजनच्या तळावर, त्यांचा म्होरक्या सीझरच्या तंबूत त्याची गाठ पडेलच. शेवटी सीझरचा सेनापती लेगेट लेनियसला बोलून परत पाठवायला स्पीच (बोलण्याचं कौशल्य) १०० लागतं. इथे फॉलआऊट ३ सारखे यशाच्या शक्यतेचे टक्के नाहीत. ९० असेल तर गेममधलं मासिक वाचून दहा वाढवा, मासिक नसेल तर ९९ वरही नुसते बघत बसा. मला हेच आवडतं. टक्केवारीत आपण बोलत नाही, एफ९ दाबून आधीची सेव्ह पुन्हा उघडत बसतो. १९९७ च्या पहिल्या भागातही मुख्य खलनायक मास्टरला त्याचे म्युटंट वांझ आहेत हे पटवून हरवता यायचं, म्हणजे आपलं घराणं जुनं आहे.

अडकलेय ती मिस्टर हाउसपाशी, म्हणजे स्ट्रिपच्या मालकापाशी, जो एका पेटीत यंत्रांवर जिवंत आहे. येस मॅन या रोबॉटच्या साथीने होणाऱ्या शेवटाकडे जायचं, तर हाउसला बाजूला करावंच लागतं. त्याला ठार न मारता यंत्रणेपासून तोडता येतं आणि आकडा हलत नाही. पण त्याची पेटी उघडली की बाहेरचे जंतू आत शिरतात आणि तो वर्षभरही टिकणार नाही, असं तो स्वतःच सांगतो. काउंटरवर शून्य, पेटीत मरायला टेकलेला म्हातारा. हे नियमात बसतं का? काल रात्रीपर्यंत माझं उत्तर "बसतं" होतं. आज तशी खात्री वाटेना, म्हणून एनसीआर या प्रजासत्ताकाकडून खेळायचा विचार केला, तर त्यांनाही हाउस मेलेलाच हवा असतो. हाउसच्याच बाजूने खेळले तर तो ब्रदरहूड या चिलखती गटाचा बंकर उडवायला सांगतो. कुठूनही गेलं तरी कोणीतरी आडवं येतंच.

तूर्त नवा कुरिअर (माझं पात्र) तयार आहे : लक ९, इंटेलिजन्स ९, करिश्मा १ (दोन पॉइंट स्पीचसाठी कोण एवढं मोजणार?). लेव्हल २, स्टेल्थ बॉय खिशात, समोर खाण. पहिल्या प्रयत्नात डेथक्लॉने मला चौथ्या पावलावर उचललं. मारलेली माणसं : ०.